शंभरावं बॅरिकेड

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही. पनवेलजवळच्या एका पोलीस ठाण्याचं मागचं आवार. कुठलं ठाणं ते विचारू नका, आपल्याला नाटकाशी मतलब. डावीकडे अपघातातल्या मोटारसायकलींचा ढीग आणि त्यावर माजलेली घाणेरीची झुडपं. उजवीकडे पत्र्याची शेड. शेडच्या तोंडाशी एक प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक पाय सुतळीनं बांधलेला. मागे, कुणी पडद्यावर रंगवून ठेवल्यासारखा कर्नाळ्याचा सुळका. प्रकाशयोजना ऑक्टोबरातल्या सकाळची, म्हणजे डोळ्यांत घुसणारी. पार्श्वसंगीत म्हणाल, तर कळंबोलीकडे वळणाऱ्या ट्रेलरचा हॉर्न.

आणि प्रवेश करते मिल्का झकेरिया आष्टमकर.

वय सत्तावन्न. सुती साडी, पायांत पळायचे बूट, एका हातात छत्री, दुसऱ्यात स्वतःच्या चहाचा थर्मास. उंची बेताची, पण आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत. देवानं हा आवाज नाटकाला द्यायचा सोडून सरकारी लेखापरीक्षेला दिला. सरकारनं दिलेला पैसा ज्या कामाला दिला त्याच कामाला लागला का, हे नंतर जाऊन विचारायचं, एवढंच त्या खात्याचं काम. नंतर येऊन विचारणारं माणूस जगात कुणालाच आवडत नाही. मिल्काला त्याची सवय झाली होती. ती कुठल्याही कार्यालयात शिरली, की पंख्याखालच्या माणसांना एकदम फायली सापडायला लागत.

ती मूळची इथलीच, पनवेलच्या इस्रायल आळीतल्या मराठी ज्यू घरातली. बाप झकेरिया एका दवाखान्यात कंपाउंडर होता आणि औषधाच्या बाटलीवर कागदाची नक्षीदार पट्टी चिकटवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे आळी हळूहळू रिकामी झाली. एकेक घर बोचकी बांधून इस्रायलला गेलं. आता सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर अलिबागपर्यंत फोन करावे लागतात. धाकटी बहीण आदिना तिकडेच, अश्दोदला असते. दर आठवड्याला तिचा फोन येतो, "आता तरी ये गं." आणि मिल्काचं उत्तर ठरलेलं, "एवढं ऑडिट संपू दे." तीस वर्षं ते एवढं ऑडिट चाललं होतं.

या खेपेचं काम मात्र मजेदार होतं. गेल्या हिवाळ्यात खारघरच्या मैदानावर संगीताचा एक प्रचंड मेळा झाला होता. दोन दिवस, लाखाची गर्दी, गायक परदेशी आणि घाम देशी. त्या बंदोबस्तासाठी सरकारनं पोलिसांना खास अनुदान दिलं होतं. एक काळ असा होता, की नाटकाच्या प्रयोगाला बंदोबस्त म्हणजे एक हवालदार. तोही तिसऱ्या अंकात पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचा. आता बंदोबस्ताला ड्रोन लागतात, टेहळणीचे मनोरे लागतात, फिरती शौचालयं लागतात. काळच तसा आलाय, त्याला कोण काय करणार? पण मिल्काला हे सगळं तपासायचं होतं.

सुतळीच्या खुर्चीशेजारी उभा होता हवालदार शिवा घरत. बंदोबस्ताचं सारं सामान याच्या ताब्यात. उंचापुरा, मिशा पांढऱ्या, चेहरा लग्नघरातल्या मामासारखा. करंजाड्याच्या टॉवरांखाली ज्या शेतजमिनी गेल्या, त्यांतला एक तुकडा त्याच्या आज्याचा होता. शिवाचा एकच दोष होता. 'नाही' म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

"घरत, पाण्याच्या बाटल्या एवढ्या?" मिल्कानं चष्मा वर केला.

"मॅडम, पोरं चौदा तास उभी व्हती. पानी नाय पिनार तर काय गानी पिनार?"

मिल्कानं बरोबरची खूण केली.

"आणि फिरती शौचालयं?"

"बाटल्या मान्य केल्यात ना मॅडम? मग ती पन मान्य करावीच लागतील."

मिल्का हसली नाही. कामावर ती हसत नसे. पण बरोबरची खूण नेहमीपेक्षा जरा मोठी उमटली. जेवणाची पाकिटं झाली, मनोऱ्यांचं भाडं झालं. राहता राहिली ती बॅरिकेडं. चाकांची, पिवळ्या पट्ट्यांची, कपाळावर 'पोलीस' लिहिलेली. अनुदानातून शंभर घेतली होती. मनोरे भाड्याचे, पाणी पिऊन संपलं, पण बॅरिकेडं मात्र ठाण्याच्या मालकीची. ती डोळ्यांनी पाहून मोजायची असतात.

मिल्का शेडमध्ये गेली. प्रत्येकाला बोट लावत ती मोजत असे. फार वेळ लागला नाही.

"घरत, ही शंभर आहेत?"

"हायेत मॅडम. शंभरच्या शंभर हायेत."

"इथे पस्तीससुद्धा नाहीत."

"हां, हितं नायत," शिवा म्हणाला. "पन हायेत."

मिल्कानं पिशवीतून कागद काढला आणि मधोमध उभा दुमडला. लेखापरीक्षेतला हा जुना रिवाज, याला म्हणतात अर्धसमास. डाव्या अंगाला लेखापरीक्षकानं प्रश्न लिहायचा आणि उजवं अंग कोरं सोडायचं. तिथं समोरच्यानं उत्तर लिहून द्यायचं. डावीकडे तिनं लिहिलं, 'उर्वरित बॅरिकेडं कुठे आहेत?' आणि कागद शिवाच्या हातात दिला.

शिवानं तो असा धरला, जणू कुणी वळवळता खेकडाच हातात दिलाय. त्याचं कारण होतं. सोमवारी त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस. संध्याकाळी निरोपसमारंभ, शाल, श्रीफळ, सगळं ठरलेलं. पण लेखापरीक्षेचा आक्षेप राहिला, की निवृत्त होणाऱ्याचे पेन्शनचे कागद जागचे हलत नाहीत. त्याच्याच ठाण्यातल्या एका जमादाराच्या नावावर एक तंबू कमी निघाला होता. त्याचे कागद चार वर्षं अडकले, आणि आजही बाजारात त्याला लोक 'तंबू' म्हणूनच हाक मारतात. शिवाच्या बायकोला, रमाला, त्या तंबूची स्वप्नं पडत होती.

"लिवून काय कलनार, मॅडम?" शिवा म्हणाला. "चला, दाखवतोच."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दोघं निघाली. पोलिसांच्या गाडीत मिल्का बसेना. ज्यांचं ऑडिट त्यांच्या गाडीत बसायचं नाही, हा तिचा नेम. मग रिक्षा झाली आणि भाडं निम्मं-निम्मं.

पहिला मुक्काम मासळी बाजार. कोपऱ्यात ठमाबाईचा ठेला. केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात सोन्याची जाड माळ, आणि समोर दोन खोक्यांवर आडवं टाकलेलं एक बॅरिकेड. त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटावर जिताडा, आणि जिताड्याच्या शेपटीखालून डोकावणारं 'पोलीस'.

"ठमाबाय, ह्या आपल्या मॅडम," शिवा म्हणाला.

"माना काय वलक करून देतंस? दर शुक्रवारची गिऱ्हाईक हाय माझी! खवल्याचा मासा घेते, कोलंबी त्यांच्या धर्मात चालत नाय, तिला बघत पन नाय. काय गं बाय, आज पोलीस घेऊन आलीस? इतका महाग दिला काय मी?"

"ठमाबाई, हे बॅरिकेड इथे कधीपासून आहे?"

"होलीपासून. दर शुक्रवारी याच्यावरूनच मासा उचलतेस, दिसला नाय तुला?"

मिल्काचे कान तांबडे झाले. "मी मासा बघते. फळी बघत नाही."

"मंग आज फलीच बघ!" ठमाबाई शेजारणीला डोळा मारत म्हणाली. मग शिवाकडे वळून, "सणाच्या दिवशी लोक अंगावर येत, टोपल्या उलथत. याला बोलले, तर यानं चार आनून दिली. आता गर्दी रांगेत येते. उलट घेऊन जातंस की काय?"

"रविवारी दहाला सगली ठान्यात पायजेत, बाय. मोजनी हाय. नायतर माझी पेन्शन गेली."

ठमाबाईनं जिताडा गोणपाटावर सरळ केला. मग म्हणाली, "आनते. पन मासा मांडू कशावर, ते पन सांग."

तिथून भावेशच्या गोदामात. भावेश मंडपवाला, केसांना तेल, तोंडात सदैव बडीशेप. त्याच्याकडची बॅरिकेडं पहिल्यांदा ओळखूच येईनात. प्रत्येकाला गुलाबी साटिनचं कापड शिवलेलं होतं आणि वर प्लास्टिकचे मोगरे.

"मॅडमजी, लग्नात जेवायच्या रांगेला लावतो," भावेश अभिमानानं म्हणाला. "पूर्वी पनीरवर हाणामारी व्हायची. आता वरपक्ष इकडून, वधूपक्ष तिकडून. कापड वर केलं, की 'पोलीस' दिसतं. एकदा एका व्याह्यांना दाखवलं, लगेच शांत."

"भाडं घेता?"

"छे छे! शिवाकाकांनी फुकट दिली, मी पण फुकट लावतो. फक्त साटिनचे पैसे घेतो."

मिल्कानं वहीत लिहिलं. मान जरा जास्तच खाली घातली, कारण हसू दाबायचं काम सोपं नसतं.

कळंबोलीला लोखंड बाजारात डझनभर बॅरिकेडं एका उघड्या गटाराभोवती उभी होती. त्यांतलं एक ट्रेलरनं चेपलं होतं. ते तिथं नसतं, तर एखादा माणूसच चेपला असता. एक शाळेच्या फाटकावर, काही गणपतीच्या मंडळांकडे, आणि काही सिनेगॉगच्या, म्हणजे मिल्काच्याच प्रार्थनामंदिराच्या अंगणात. सणाला बाहेरगावची माणसं येतात, गाड्या लागतात, म्हणून मागून आणलेली. तिथं मिल्का क्षणभर थबकली. पण ती सिनेगॉगच्या नावावर होती, तिच्या नाही. तिनं तीही लिहिली.

खरं सांगायचं तर पनवेलात ही रीतच पडली होती. शेजारणीकडून मोठं पातेलं आणावं तसं लोक शिवाकडून बॅरिकेड आणत. अर्ज नाही, नोंद नाही. शिवा डोक्यात ठेवी. आणि त्याचं डोकं, मोजल्यावर कळलं, कुठल्याही रजिस्टरपेक्षा चोख होतं. दुपारी चारला मिल्कानं बेरीज केली.

"नव्व्याण्णव."

शिवा कान खाजवायला लागला.

"घरत, शंभरावं कुठे आहे?"

"हाय मॅडम."

"कुठे?"

"गावानच हाय. उद्यापरवा देतो आनून."

"तुम्ही टाळताय." आता तिचा तो आवाज लागला. रिक्षावाल्यानंसुद्धा वळून पाहिलं. "नव्व्याण्णव दाखवलीत, ती न लाजता दाखवलीत. एकाच्या बाबतीत तोंड शिवलंत! विकलंत का? एक कमी म्हणजे एक कमी. आक्षेप लिहावाच लागेल मला. तुमचा सोमवार मी पाहू की माझी वही?"

शिवानं मान खाली घातली. "लिवा मग," तो म्हणाला. बस, एवढंच.

मिल्का तणतणत घरी आली. तिचं घर जुन्या पनवेलात, एका तिमजली इमारतीच्या तळमजल्याला. मागे दोन हात जागा, तिथं दुधीचा वेल. यंदा वेल असा माजला होता, की शेजारी येता-जाता पाहत. श्रावणात ती आठ दिवस दौऱ्यावर गेली होती. तेव्हा जमिनीवर लोळत असलेला वेल, ती परतली तेव्हा कसल्याशा आधारावर उभा होता, हिरवी जाळी घातलेला. वॉचमननं केलं असेल असं समजून तिनं त्याला तोंडभरून धन्यवाद दिले होते आणि तेव्हापासून दर आठवड्याला एक दुधीही. वॉचमननं दोन्ही निमूटपणे स्वीकारले होते.

सूर्य मावळायला आला होता. शुक्रवारची संध्याकाळ, शब्बाथ लागायची वेळ. दिवा लावला, की दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काम बंद. लिहायचं नाही, ओझं उचलायचं नाही. बाकी जगाशी मिल्का कितीही भांडो, हा एक दिवस ती देवाला बिनशर्त देत असे. भाजीला एक दुधी काढावा म्हणून ती मागे गेली आणि पानं बाजूला सारली. जाळीच्या आत पिवळा पट्टा दिसला. तिनं आणखी पानं सारली. 'पो' दिसलं. मग 'ली'. पुढचं पाहायची गरज नव्हती.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अगं मिल्का, काय झालं?" वरच्या मजल्यावरून वसुंधरानं विचारलं. वसुंधरा तिची शेजारीण, निवृत्त शिक्षिका, अख्ख्या इमारतीची मालकीण असल्यासारखी वागणारी.

"वसुंधरा, हे इथे कुणी ठेवलं?"

"मी! म्हणजे शिवा घरतांनी आणून दिलं. त्यांना म्हटलं, आमच्या मिल्काचा वेल लोळतोय, ती दौऱ्यावर आहे, काहीतरी द्या. तुला आत्ता दिसलं? आणि मी वाट बघत्येय, ही आभार कधी मानते!"

मिल्कानं आत जाऊन दिवा लावला. लिहायची वेळ संपली होती. लेखापरीक्षकाच्या परसात शंभरावं बॅरिकेड, आणि पुढचा अख्खा दिवस तिला त्याबद्दल एक अक्षर कागदावर उतरवता येणार नव्हतं.

शनिवारी सकाळी शिवा आला. अंगात लेंगा-सदरा, गल्लीच्या तोंडाशी टेंपो उभा.

"तुम्हाला ठाऊक होतं," मिल्का म्हणाली.

"मीच तर घेऊन आल्तो."

"मग काल सांगितलं का नाही? मी तुम्हाला फाडून खात होते! चोर म्हटलं तुम्हाला!"

"चोर नाय बोललात. विकला काय, एवढंच बोललात." शिवा हळूच हसला. "कोनाच्या वेलाखालची वस्तू कशी मागायची, मॅडम? दुधी लागलेत. आनि रिक्षावाल्यासमोर काय सांगू, का आमच्या मॅडमच्याच घरी हाय?"

मिल्कानं खिडकीतून वेलाकडे पाहिलं.

"तुमचा आज शनवार," शिवा म्हणाला. "तुमी काय करू नका. हात पन लावू नका. नुसत्या आत जाऊन बसा, मी नेतो. उद्या मोजनीला शंभर भरतील. मी कोनाला बोलनार नाय, वसुंधरावयनी बोलनार नाय. मिटला."

मोह पाहा कसा सजून येतो! टेंपो घेऊन, हात जोडून, आणि दुसऱ्याचं भलं करायला. शनिवारी काम करायचं नाही, हा नियम खरा. पण दुसऱ्याला करू द्यायचं आणि आपण आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचं, हे त्या नियमात बसतं का, हे तिला कुठल्याही धर्मगुरूला विचारायची गरज नव्हती.

"आज याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही आणि मीही नाही. उद्या मी घेऊन येईन. माझ्या नावावर."

शिवाचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमच्या नावावर आला तर तुमाला या कामातून काढतील. आमाला पन कायदा थोडा कलतो. नवीन कोनतरी येनार, पयल्यापासून बघनार. परवा माझा शेवटचा दिवस हाय. तुमी खऱ्या ऱ्हाल. मी तंबू होनार."

असं बोलून तो गेला. टेंपो रिकामाच गेला.

तो शनिवार मिल्काला फार लांब गेला. प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटली, पण डोळे खिडकीतून वेलाकडे. गप्प बसावं तर शिवा सुटतो आणि आपली इतक्या वर्षांची वही खोटी पडते. बोलावं तर वही खरी, आणि ज्या माणसानं तिची अब्रू राखायला स्वतःची पेन्शन पणाला लावली, तोच बुडतो. वसुंधरा खाली येऊन म्हणाली, "एका लोखंडी जाळीचं एवढं काय गं?" मिल्का म्हणाली, "दुसऱ्याची असती तर मीच एवढं केलं असतं." वसुंधरा आली तशी वर गेली.

संध्याकाळी तिसरा तारा दिसला मात्र, मिल्कानं फोन उचलला. वरिष्ठ लेखापरीक्षक गुरुदत्त सबनीस, मुक्काम खारघर. मागे क्रिकेटचा सामना जोरात चालला होता.

"साहेब, उद्या दहा वाजता तुम्ही स्वतः मोजणीला यायचं."

"रविवारी? मिल्काताई, तुम्ही आहात ना?"

"मी आहे, म्हणूनच तुम्ही हवेत."

रविवारी सकाळी पनवेलनं जे पाहिलं, त्याला बंदोबस्त म्हणावं की मिरवणूक, हे ठरेना. मासळी बाजारातून ठमाबाई आणि तिच्या मैत्रिणी चार बॅरिकेडं ढकलत निघाल्या, मागून मांजरांची रांग. भावेशची गुलाबी साटिनसकट आली, कारण टाके उसवायला वेळ मिळाला नव्हता. कळंबोलीची ट्रकमधून आली, चेपलेलं एक मानानं सर्वांत पुढे. मंडळाच्या पोरांनी ताशा आणला होता, पण शिवानं हात जोडले म्हणून वाजवला नाही. आणि सर्वांत शेवटी, भर रस्त्यातून, एका टोकाला मिल्का आणि दुसऱ्या टोकाला वसुंधरा. वेल सोडवता सोडवता सगळा सुटला नव्हता. 'पोलीस' या अक्षरांवरून वेलाचा एक हिरवा फाटा लोंबत होता आणि त्याला एक कोवळा दुधी.

सबनीस फिरायचे बूट आणि टोपी घालून उभे होते. मिल्कानं त्यांच्या हातात दुमडलेला कागद ठेवला. डावीकडे तिच्या अक्षरात प्रश्न, 'शंभरावं बॅरिकेड कुठे आहे?' उजवीकडे, तिच्याच अक्षरात उत्तर, 'माझ्या घरी. श्रावणापासून. दुधीच्या वेलाखाली. मला दिसलं नाही. हवालदार घरत यांनी हे लपवलं नाही. त्यांनी मला लाजवलं नाही, एवढंच.' खाली सही, पूर्ण नावानिशी.

सबनिसांनी तो दोनदा वाचला. "मिल्काताई, नियमाप्रमाणे हे काम तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल. मी पुढच्या महिन्यात दुसरं पथक—"

शिवा आपल्या बुटांकडे पाहत होता.

"काढा," मिल्का म्हणाली. "आत्ता काढा, आणि स्वतःकडे घ्या. पथक कशाला? तुम्ही उभे आहात, बॅरिकेडं उभी आहेत. बोट लावत गेलं, की सोपं जातं."

सबनिसांनी घड्याळ पाहिलं, गर्दी पाहिली. ठमाबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी मुकाट्यानं बोट पुढे केलं.

मोजणी शंभर भरली. मग अनुदानाच्या अटी निघाल्या. बॅरिकेडं सार्वजनिक गर्दी आवरायला ठाण्याच्या लेखी परवानगीनं देता येतात, असं सहाव्या अटीत लिहिलेलंच होतं. इतक्या महिन्यांत ते लेखी फक्त कुणी केलं नव्हतं. मासळी बाजार बसला, गटार बसलं, शाळा, मंडळं, सिनेगॉग, सगळं त्या अटीत बसलं. भावेशचं पनीर थोडं आवळून बसवावं लागलं.

"आणि हे?" सबनीस दुधीकडे बोट करत म्हणाले. "ही कसली गर्दी?"

"ती बसत नाही," मिल्का म्हणाली. "या बॅरिकेडचं तीन महिन्यांचं भाडं उद्या सकाळी मी कोषागारात भरते. अहवालात नावानं लिहा."

"तुमच्या नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. हे लिहायलाच हवं का?"

"लिहा."

सबनिसांनी लिहिलं. शिवाच्या नावावर 'नोंद ठेवली नाही, समज देण्यात यावी' एवढं आलं. आक्षेप नाही, वसुली नाही. ठाण्याच्या साहेबांनी जागच्या जागी समज दिली, शिवानं ती सलाम ठोकून घेतली, आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या रमानं पदर डोळ्यांना लावला. पोरांनी आता कुणाला न विचारताच ताशा धरला. सबनीस पहिल्यांदाच हसले आणि टोपी सावरत गाडीकडे निघाले.

गर्दी पांगायला लागली, पण ठमाबाई हलेना. ती आपल्या चार बॅरिकेडांना धरून उभी होती.

"शिवा, आता हे परत घेऊन जाऊ ना? दुपारच्याला बाजार भरंल."

शिवानं सवयीनं 'ने की' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिल्काकडे पाहून मिटलं. "अर्ज लागंल, बाय. लेखी."

"अर्ज?" ठमाबाईनं पदर खोचला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "चष्मा नाय आनला मी."

ठमाबाईला चष्मा नव्हता, कधीच नव्हता, हे अख्ख्या मासळी बाजाराला माहीत होतं. मिल्का सुतळीच्या खुर्चीवर बसली, पिशवीतून एक कोरा कागद काढून मांडीवर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं.

"तू बोल," ती म्हणाली, "मी लिहिते."